जानोशातला खराटा

कसं सांगू हो तुम्हाला! इतकी वर्षं झाली, पण लग्नघरात कुणाच्या हातात खराटा दिसला की मी अजून तोंड फिरवतो. चहा घ्या आधी, निवेल. सांगतो.

आमच्या वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालायचा, त्या काळातली गोष्ट. मी अमरावतीला कॉलेजात होतो आणि डोक्यात एक खूळ शिरलं होतं. कुठल्याशा मासिकात वाचलं, की परदेशातली पोरं गावोगाव भटकतात आणि विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त वसतिगृहांत उतरतात. भाडं नावापुरतं. अट एकच: आपली जागा आपण झाडायची, आपलं ताट आपण घासायचं, कुणाकडून सेवा घ्यायची नाही. चार मुलखांची पोरं एका छपराखाली राहिली की माणसाला माणूस कळतो! मी तर पेटलोच. आपल्याकडे का नको?

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका ओळखीच्या मास्तरांना पत्र टाकलं. त्यांनी कळवलं, सुटीत शाळा रिकामीच आहे, खुशाल उतरा. झालं! आम्ही चौघे सायकलींवर निघालो. मूर्तिजापूरला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या अलीकडे दोघांच्या सायकली पंक्चर झाल्या, म्हणून मी आणि सुदाम पुढे गेलो. सुदाम चांदूर रेल्वेकडच्या शेतकऱ्याचा पोरगा. बोलायचा कमी, जेवायचा भरपूर.

मोर्णा नदी ओलांडून शाळेशी पोचलो आणि बघतो तर काय! दाराला आंब्याचं तोरण, अंगणात सडा, आत गाद्या आणि तक्के! धोतर-कोटातले एक गृहस्थ धावत आले.

"अमरावतीहून आले काय जी?"

"हो."

"दोघंच?"

"बाकीचे मागून येताहेत."

"या, या! अरे, पाव्हन्यायले पानी आना!"

मला भरून आलं हो. विद्यार्थ्यांसाठी एवढी आस्था! पण तेवढ्यात एक माणूस तांब्या घेऊन माझे पाय धुवायला वाकला. मी पाय मागे ओढला आणि कडक आवाजात म्हणालो, "आमच्या नियमात बसत नाही." बिचाऱ्याचा चेहराच उतरला.

मग बुंदीचे लाडू आले. सुदामने चार हाणले आणि माझ्या कानाशी लागला, "अबे, हे काई बराबर वाटून नाई राहिलं मले. पोरायले कोनी एवढं देते काय?"

"खा गुपचूप! याला संस्कृतीची देवाणघेवाण म्हणतात."

खाऊन झाल्यावर मी आपली ताटली विहिरीवर नेली आणि राखेनं घासायला बसलो. तिथल्या बायका थिजल्या. एकीच्या हातून कळशी सुटली. "अवो माय! पाव्हना ताट घासून राहिला!" मला वाटलं, कौतुक चाललंय. मग काय, मी कोपऱ्यातला खराटा उचलला आणि अंगणच झाडायला घेतलं!

दोन मिनिटांत ते गृहस्थ आले, मागे पंधरा-वीस माणसं. आणि काय केलं असेल त्यांनी? डोक्यावरची टोपी काढून माझ्या पायांवर ठेवली! माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस! मी हादरलोच.

"काय चुकलं जी आमचं? कावून रुसले तुमी?"

आता तरी कळावं ना मला? छे! मला वाटलं, व्यवस्थापक फारच भिडस्त दिसतात. मी भाषणच ठोकलं. "सगळंच चुकलं तुमचं! गाद्या कशाला, लाडू कशाला? हा थाट बंद करा. नाहीतर आमची मंडळी इथे पाऊल ठेवणार नाहीत. मी त्यांना वाटेतूनच परत पाठवतो!"

आतून एका बाईनं हंबरडा फोडला. "माह्या पोरीचं लगन मोडलं वो!"

लग्न? कुणाचं लग्न?

तेवढ्यात गल्लीत वाजंत्री वाजली. सुदामनं कपाळावर हात मारला. "अबे, जानोसा आहे हा!"

जानोसा म्हणजे नवरदेवाकडच्या मंडळींची उतरायची जागा. नवरदेव अमरावतीचा! आणि आमच्याकडे वरपक्षातल्या कुणी स्वतःच्या हातानं पेला जरी विसळला, तरी पाहुणे रुसले असं धरतात. मी तर ताट घासून अंगण झाडलं होतं!

"मी नवरदेवाकडचा नाही हो," मी कसाबसा पुटपुटलो. "विद्यार्थी आहे." गृहस्थांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर चढवली. डोळ्यांतलं पाणी मात्र तसंच होतं.

नवरदेवाचे मामा मिशा पिळत आत आले. लाडवांच्या परातीला पडलेलं खिंडार त्यांना पहिल्यांदा दिसलं. "आमच्या आंधी कोन जेवलं इथं?"

ते गृहस्थ, म्हणजे मुलीचे वडील, हात जोडत मामांकडे धावले. आता मात्र खरंच लग्न मोडणार, आणि तेही माझ्यामुळे! लाज वाटली हो, फार लाज वाटली. मी पुढे झालो.

"मी जी. कामावरचा पोरगा. भूक लागली होती."

मामांनी माझ्या हातातला खराटा पाहिला. "मंग झाड ना! उभा काय राहिला?"

झाडलं. नुसतं झाडलं नाही, दिवसभर पाणी भरलं, दोन पंगतींची भांडी घासली. मागून आलेल्या दोघांनाही चुलीपुढे बसवलं. सुदाम तेवढा वाढप्यांत घुसला आणि पुन्हा जेवला.

अक्षता पडल्या. गृहस्थ हळूच विहिरीवर आले, माझ्या पुढ्यात भरलेलं ताट ठेवलं आणि खिशातून एक कागद काढला. "मास्तरची चिठ्ठी सकाळीच आलती. लग्नाच्या घाईत वाचाले फुरसतच नाई भेटली. आता वाचली. घ्या, तुमीच वाचा."

राखेच्या हातानं मी ती उलगडली. मास्तरांनी लिहिलं होतं: "पुढचं दालन आपल्या जानोशाला दिलंच आहे. मागच्या खोलीत अमरावतीचे चार विद्यार्थी उतरतील. मुलं नियमाची आहेत. त्यांचा आपल्या कार्यात काडीचाही त्रास होणार नाही."