दोन पाटांचं विमान

हात वर करून हवेतली न दिसणारी दोरी दोनदा ओढायची आणि म्हणायचं, "चला, सुटली!" पानाच्या टपरीवरून उठताना काय, लग्नाची पंगत उठवताना काय, आमच्या शेजारच्या कंडक्टरांची हीच रीत. एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की सुटते, हे त्यांनी सोलापूर–अकलूज एसटीवर वीस-बावीस वर्षं पाळलेलं. माणूस निवृत्त झाला, हात काही झाला नाही. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच.

त्यांची एकुलती मुलगी धाकट्याच्या बाळंतपणात गेली. नात सात वर्षांची आणि नातू पाच वर्षांचा होईपर्यंत दोघांना कंडक्टरांनीच वाढवलं. बहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या वर्षी आखातात नोकरीला असलेल्या जावयानं दुसरं लग्न केलं आणि पोरांना तिकडं न्यायचं ठरवलं. विमानानं.

विमान आमच्या गल्लीत कुणीच जवळून पाहिलेलं नव्हतं. पण पोरं घाबरायला नकोत, म्हणून कंडक्टरांनी ओसरीवर दोन पाट शेजारी शेजारी मांडले, पायजम्याच्या नाड्यांचे पट्टे बांधले आणि एसटीचं सगळं शास्त्र विमानाला लावलं. आवळासुपारी खिशात ठेवायची. हात बाहेर काढायचा नाही. आणि चढण्याआधी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची! नात नेम धरून पाटावर रुमाल टाकायची.

"अहो, विमानात जागा ठरलेल्या असतात," मी म्हणालो.

"असू द्या की, गुरुजी. दोघं शेजारी बसाय पायजेत. बारका हिच्याबिगर झोपत न्हाय."

"आज्जा, टेंभुर्णीला थांबतंय का विमान?" बारक्यानं विचारलं.

"न्हाय बाळा. एकदम तितंच."

शेवटचा धडा सगळ्यात कडक. गाडी सुटताना मागं बघायचं नाही. "मागं बघितलं की पोटात ढवळतंय," म्हणायचे. बारका दर वेळी वळून आजोबांकडं बघायचा आणि भोकाड पसरायचा. मग पुन्हा पाट, पुन्हा नाडा, पुन्हा दोरी. आठवड्यानं तो वळायचा थांबला. तोवर माझंही हसू आटलं होतं.

मुंबईला सोबत म्हणून मी गेलो. जावई भला माणूस, वाकून पाया पडला. पोरं त्याचे हात धरून निघाली, नातीच्या मुठीत रुमाल तयार. कंडक्टर विमानतळाच्या कठड्याला धरून उभे होते. पोरं दारापर्यंत गेली, आत गेली. शिकवलं तसं एकानंही मागं पाहिलं नाही. कंडक्टरांचा हात वर गेला. दोरी त्यांनी एकदाच ओढली.

परतीच्या एसटीत टेंभुर्णीला कंडक्टरांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "एकदा तरी बघायला पायजे हुतं वो, गुरुजी. मीच लई पक्कं शिकवलं."



त्यानंतर ते दोनच वर्षं जगले. आम्ही चौघांनी त्यांना खांद्यावर घेतलं आणि गल्लीतून निघालो. त्यांचा धडा मला काही पाळता आला नाही. कोपऱ्यावर मी वळून पाहिलंच. ओसरीवर दोन पाट शेजारी शेजारी तसेच मांडलेले होते.