रिकाम्या पिंपाचा तोरा

हसायचं असेल तर चहा संपल्यावर हसा, नाही तर ठसका लागेल. आणि एक आधीच सांगून ठेवतो, यात माझी फजिती आहे तशी माझी हुशारीही आहे. दोन्ही वेगळ्या काढता येत नाहीत, त्याला मी काय करू?

तीस वर्षं कंपनीत मेंटेनन्सला होतो. रिटायर झालो आणि उस्मानपुऱ्यातल्या घराच्या मागच्या खोलीत लाकूडकामाचं वर्कशॉप टाकलं. टेबल सॉ घेतला. म्हणजे लोखंडी टेबल, त्यातून वर आलेलं गोल पातं, फळी पुढं सरकवली की झाले दोन तुकडे. विहारातल्या वाचनालयाला पुस्तकांचं कपाट करून देतो, असा शब्दही देऊन बसलो.

पण पातं फळी कापतं तसा भुसाही उडवतं. तो स्वयंपाकघरात जायचा, वाळत घातलेल्या कुरडयांवर बसायचा, एकदा तर वरणात निघाला. माझी बायको शोभा एरवी शांत. त्या दिवशी तिनं ताट बाजूला सारलं आणि निकाल दिला. रविवारी मिलिंद टेंपो घेऊन येतोय, तोपर्यंत भुसा थांबला तर ठीक, नाही तर मशीन खुलताबादला. मिलिंद म्हणजे तिचा खुलताबादचा भाऊ. त्याचा मशीनवर पहिल्यापासून डोळा होताच.

आता मेंटेनन्सच्या माणसाला कुणी असं आव्हान देतं का? दोन दिवसांत मशीनखाली पत्र्याचा बंद खोका बसवला. खोक्यातून एक पाईप झाकणबंद पिंपात, पिंपातून दुसरा पाईप भंगारातून आणलेल्या ब्लोअरला. ब्लोअर हवा ओढणार, भुसा पिंपात पडणार, उरलेली स्वच्छ हवा भिंतीतल्या भोकातून बाहेरच्या बोळात. बटण दाबलं, फळीमागून फळी कापली, आणि मशीनखाली चिमूटभर भुसा नाही! चष्म्यावरसुद्धा नाही.

पिंप उघडून पाहिलं. तेही रिकामं.

इथं कोणताही शहाणा माणूस विचारात पडला असता. मी खूश झालो. शोभाला बोलावून दाखवलं. तिनं पिंपात डोकावून पाहिलं.

"मग भुसा गेला कुठं?"

"मुळात तो तेवढा नसतोच," मी म्हणालो. "उडतो म्हणून जास्त दिसतो. ओढून घेतला की जिरतो."

तीस वर्षांचा अनुभव बोलत होता. ती पिंपाचं झाकण लावून कामाला लागली. मग गल्लीतल्या चौघांना बोलावून त्यांनाही पिंप दाखवलं. आपल्या गावात पाण्याची बोंब, त्यामुळं माणसं भरलेलं पिंप दाखवून मिरवतात. रिकामं पिंप दाखवून मिरवणारा मी पहिलाच असेन.

त्याच आठवड्यात पुढच्या खोलीतला कूलर बिघडला. ऐन मे महिना आणि वारा येईना. बोळात जाऊन कूलरची मागची जाळी काढली, तर गवत पिवळ्या चुऱ्यानं गच्च भरलेलं. कूलरचं गवत म्हणजे तरी काय, लाकडाचीच बारीक तासणी. मी उभ्या उभ्या निदान केलं, गवतच झडतंय, दुकानदारानं आपल्याला फसवलं. ते गवत पिशवीत कोंबून तडक क्रांती चौकातलं दुकान गाठलं आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला झापलं. त्यानं शांतपणे थोडा चुरा बोटांवर घेऊन वास घेतला.

"चचा, ये घास का नहीं है. ये तो सागवान का बुरादा है. घर में सुतार बिठाए क्या?"

बुरादा म्हणजे भुसा. बघा, त्यानं सगळं सरळ सांगितलं होतं. पण मी ऐकतोय कशाला? मशीनमध्ये आयुष्य गेलंय, मला शिकवू नका, असं त्यालाच सुनावलं. त्यानं हात जोडले आणि नवं गवत दिलं. तेही दोन दिवसांत गच्च. मग मात्र मी वैतागून मागच्या बाजूचं गवतच उपटून टाकलं. वारा असा सुटला की पडदे उडायला लागले. मी स्वतःवर आणखी खूश.

रविवारी मिलिंद आला. "जयभीम दाजी" म्हणून आधी मशीनला चक्कर मारून आला, लबाड. उन्हातून आलेला, पोटभर जेवला. आमच्याकडं पाहुण्याचा मान म्हणजे कूलरसमोरची जागा. तिथल्या दिवाणावर तो आडवा झाला आणि पाच मिनिटांत घोरायला लागला. मी प्रेमानं कूलर फुल्ल केला आणि मागं गेलो.

शोभानं मशीनभोवती काळी चादर अंथरली होती. एक कण दिसला तर मशीन टेंपोत. मी कपाटाच्या उरलेल्या सगळ्या फळ्या कापायला घेतल्या. तासभर मशीन चालू होतं. शेवटी मशीन बंद केलं. तिनं वाकून चादरीवरून हात फिरवला, तळवा उजेडात धरून पाहिला.

"जिंकलात," ती म्हणाली.

खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षांत साहेबानं दिलेल्या शाबासकीचं इतकं वाटलं नव्हतं. मेहुण्याला आपण होऊन सांगावं म्हणून छाती काढून पुढच्या खोलीत गेलो.

दिवाणावर मिलिंद उठून बसला होता. बेसनात घोळवलेली मिरची पाहिलीय ना? तसा. डोकं पिवळं, मिशा पिवळ्या, भिंती, पडदे, टीव्ही, सगळं पिवळं. आणि कूलर जोरात चालूच.

"दाजी, लई गार झोप लागली व्हती," तो म्हणाला. "पर ही वावटळ कुठून आली?"

मी खिडकीतून बोळात पाहिलं. माझ्या पाईपचं तोंड, आणि त्याच्यापुढं हातभर अंतरावर कूलरची उघडी पाठ. तेव्हा कुठं टाळक्यात उजेड पडला. पिंपाचे दोन्ही पाईप मी समोरासमोर बसवले होते. भुसा एका दारानं आत यायचा आणि दुसऱ्या दारानं निघून जायचा. पिंपात थांबायची सोयच केली नव्हती.

मी पाईपचा वाकडा कोपरा बसवला की झालं, असं समजावून सांगायला लागलो. मिलिंदनं मिशा झटकल्या आणि बहिणीकडं पाहिलं.

"अक्का, टेंपो लावू का मागच्या दाराला? मशीन घेतो."

शोभानं टीव्हीवरून बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाली, "नाय. शब्द म्हणजे शब्द. मशीनखाली कण नव्हता. मशीनचा काय दोष नाय, ते आपलं एका जागी गुमान चालतंय. ह्यांनाच ने आठ दिवस. मला घर झाडायचंय."

आणि तुम्हाला सांगतो, मशीनला धक्के बसू नयेत म्हणून मिलिंदनं टेंपोत जुनी गादी अंथरून आणली होती ना, तिच्यावर बसून मी खुलताबादला गेलो.