लिनक्ससाठी बंद ठेवलेली गिरण

नवरा वारला तेव्हा त्याचा दहावा व्हायच्या आत मी गिरण चालू केली होती. लोकांनी नावं ठेवली आणि दळणंही आणली. जन्मात गिरण मुद्दाम बंद ठेवली ती एकदाच, लिनक्स नावाच्या भानगडीपायी.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. जळोचीत पुढं आमची गिरण, मागं घर. धाकट्या लेकीनं एक जुना कॉम्प्युटर मागच्या खोलीत आणून ठेवला होता. इंदापूरच्या एका डेअरीला ऑफिसात माणूस हवं होतं. कॉम्प्युटर चालवायला विंडोजच्या जागी लिनक्स घालता येतं आणि ते फुकट मिळतं, असं त्या डेअरीवाल्याला कुणीतरी सांगितलेलं. फुकट म्हटल्यावर त्याला दम निघेना. लेकीला म्हणाला, "तुझ्या मशीनवर बसवून सोमवारी घेऊन ये. चाललं तर नोकरी तुझी." नाही चाललं तर तिच्या चुलत्यानं पाहिलेलं स्थळ तयारच होतं. मुलगा बरा होता, फक्त तोंडातला गुटखा थुंकल्याशिवाय त्याला बोलता यायचं नाही.

शनिवारी लेकीनं मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी घातली आणि मशीनमधलं जुनं पुसून नवं भरायला घेतलं. इकडं मी गिरणीचा खटका ओढला. मोटर उठताना आमच्या घरातले दिवे मान टाकतात. कॉम्प्युटरनंही टाकली.

"आये, जुनं गेलं आन् नवं अर्धंच आलं! आता ह्यात कायबी न्हाय!"

"मग पहिल्यापासनं घाल."

"तू गिरण लावलीस की परत मरंल ते."

रविवारी दारात चकलीच्या भाजणीचे डबे रांगेनं लागलेले. दिवाळी तोंडावर. मी सांगून टाकलं, दुपारपर्यंत गिरण बंद.

"का वं मावशी, कोण गेलं का काय?" एकीनं विचारलं.

"कोण न्हाय गेलं. आत कॉम्प्युटरचं बाळंतपण हाय."

"मग सुईणीला म्हणावं आटप. माझा जावई उद्या यायचाय."

थोड्या वेळानं बायका उठून आतच आल्या. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी वर सरकत होत्या.

"ह्यात चित्र न्हाय व्हय? एवढ्यासाठी आमच्या चकल्या अडवल्या?" जावईवाली म्हणाली. लेक नखं खात बसलेली.

एकदाची ती म्हणाली, "झालं." मी तडक जाऊन खटका ओढला.

दिवे लवले. पडदा काळाठिक्कर.

"आये, नीट बंद तरी करू द्यायचंस!" लेक किंचाळली.

मोटरनं वेग धरला, दिवे सरळ झाले, तसं मशीन आपोआप सुरू झालं. बराच वेळ स्वतःलाच चाचपत बसलं. मग लेकीला तिचं नाव विचारून गप उभं राहिलं.

"उठलं की गं!" जावईवाली म्हणाली. "आता माझा डबा घ्या."

सोमवारी लेक ते धूड मांडीवर घेऊन एसटीनं इंदापूरला गेली. डेअरीवाल्यानं सगळं पाहून विचारलं, "मधीच लाईट गेली तर?"

"ते आईनं बघितलंय," लेक म्हणाली.

संध्याकाळी मी चुलत्याला निरोप धाडला, ते स्थळ दुसरीकडं दाखवा.