टोक नसलेला पिरॅमिड

कर्णिकबाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या वाफ्यात सापडलेला पांढरा तुकडा जिभेला लावून बघत होत्या. "हाड आहे, काका. दगड असता तर असा चिकटला नसता." मला शिसारी आली. ऑस्ट्रेलियात, गुंगालिनला मुलाकडे येऊन आठवडा झाला नव्हता, आणि शेजार हा असा!

बाई युनिव्हर्सिटीत शिकवायच्या. इथला उन्हाळा आला की इजिप्तला वाळू उपसायला जायच्या. परत आल्या की आमच्या जेवणाच्या टेबलावर फोटो पसरायच्या. मी चौथी शिकलेला, पण डोळे शाबूत आहेत. फोटोत नुसता बुटका, चौकोनी ढिगारा. पिरॅमिड बांधता बांधता राजा मेला. मग घाईघाईने वर खडी पसरून सपाट केलं, पुढ्यात कच्च्या विटांचं देऊळ उभारलं आणि त्याला आत पुरला.

"बाई, जन्म घालवलात तो असल्या अर्धवट कामावर? शेजारी दुसरे पिरॅमिड धडधाकट उभे आहेत की!"

"पुऱ्या झालेल्याचं पोट दिसतं का, काका? आत दगड कसे रचले, ते यातच कळतं. हिणवाल तर चहा मिळणार नाही."

नकाशा काढताना भिंत मोडली तिथे त्यांची पेन्सिल थांबायची. पुढेही तशीच असेल, असं कोणी म्हटलं की भडकायच्या. "असेल म्हणजे काय? दिसलं तेवढंच माझं."

आजाराने खाटेला खिळल्या, तरी त्या ढिगाऱ्यावरचं पुस्तक लिहिणं सोडलं नाही. मी मऊ भाताचा डबा घेऊन बसलो होतो, तेव्हा त्यांचा विद्यार्थी नीरज कव्हर दाखवायला आला. कव्हरवर उंच, टोकदार पिरॅमिड.

"हे टोक कोणी पाहिलं? तू?"

"जस्ट कव्हर आहे, मॅम. टोक नसेल तर लोकांना पिरॅमिड वाटतच नाही. पब्लिशर ऐकत नाही."

"मग टोक ठेव, नाहीतर माझं नाव. दोन्ही नाही."

मी म्हटलं, "अरे, बाईंनी हाताला धरून शिकवलं ना तुला?"

"नो वरीज, काका. मी बघतो."

थंडी संपायच्या आत बाई गेल्या. नीरजने बघितलं ते असं: कव्हरवर टोक झगझगीत सोनेरी, आत नकाशे सगळे बाईंचे, आणि नाव त्याच्या एकट्याचं. प्रकाशनाच्या कार्यक्रमाला हॉलमध्ये समोसे खात लोक टाळ्या वाजवत होते.

कार्यक्रम संपल्यावर तो माझ्याकडे आला, पाया पडायला वाकला.

मी पाय मागे घेतले.