आतोबांच्या पासवर्डचे तीन तुकडे

आपली वस्तू आपल्याच ताब्यात राहावी म्हणून माझ्या आतोबांनी जन्मभर जेवढी खबरदारी घेतली, तेवढी एखाद्या संस्थानिकाने खजिन्यासाठीही घेतली नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पेणला त्यांचा गणपतीचा कारखाना होता. मूर्तीचं अंग एकाने करायचं, रंग दुसऱ्याने द्यायचा. डोळ्यांची आखणी मात्र आतोबा स्वतः करत, तीही पडदा लावून. एकदा आत्या चहा घेऊन पडद्याआड गेली, तर त्यांनी घाईघाईने मूर्तीच्या तोंडावर टॉवेल टाकला. मी तेव्हा रोह्याला राहून धाटावच्या कंपनीत नोकरी करत होतो. माझ्याकडे येताना आतोबा पेणहून नागोठण्याचं तिकीट काढत आणि नागोठण्याला पुन्हा रोह्याचं. "आपण कुठं जातो ते अख्ख्या पेणला कशाला कळाया हवा?" असं त्यांचं म्हणणं. शेवटी कंडक्टर कंटाळून दोन्ही तिकिटं पेणलाच फाडून देऊ लागला, तेव्हा आतोबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

अशा माणसाने इंटरनेटवर जाहिरात द्यावी हे माझ्या आकलनापलीकडचं होतं. पण नव्वदचं दशक संपत आलं होतं, रोह्यात एका सरांनी कॉम्प्युटरचा क्लास काढला होता, आणि परदेशातली मराठी मंडळं इंटरनेटवर बघून मूर्ती मागवतात असं कुणीतरी आतोबांच्या कानावर घातलं. सरांनी जाहिरातीचं खातं उघडून दिलं आणि समजावलं, की पासवर्ड ज्याच्याकडे असेल तोच जाहिरात बदलू शकतो. एवढं एकच वाक्य आतोबांना नीट कळलं. "म्हंजे हा आपला साचाच झाला," ते म्हणाले. "साचा गेला तं कारखाना गेला."

मग त्यांनी पासवर्डचे, कारखान्यातल्या कामाचे करतात तसे, तीन तुकडे केले. पहिला आत्याचा, मधला माझा, शेवटचा त्यांचा. आत्याला इंग्रजी येत नसल्यामुळे सगळे आकडेच ठेवले. एकाने आपला तुकडा लिहिताना बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करून कानांवर हात ठेवायचे, असा नियम होता. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तर नुसत्या फुल्या उमटत, मग हे कशासाठी, असं सरांनी एकदा विचारलं. त्यानंतर सरांनाही भिंतीकडे उभं केलं जाऊ लागलं. जाहिरातीतला एक शब्द बदलायचा तरी आत्या आणि आतोबा एसटीने पेणहून येत, मी शिफ्ट बदलून घेई, आणि भर दुपारी आम्ही चार शहाणीसुरती माणसं त्या खोलीत आळीपाळीने कान झाकून उभी राहत असू. ताबा नक्की कुणाचा होता, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

एका वर्षी पेणचे टेलिफोन नंबर बदलले. जाहिरातीत जुनाच नंबर होता आणि तो आता एका दवाखान्यात वाजू लागला. परदेशातून कुणी मोठ्या आशेने फोन करी आणि तिथला कंपाउंडर 'डॉक्टर जेवाया गेलेत' असं सांगून ठेवून देई. बोटीने जाणाऱ्या मूर्तींच्या ऑर्डरी नक्की व्हायचे तेच दिवस होते. त्या हुकल्या तर कारागिरांना पावसाळ्यापर्यंत बसवून ठेवावं लागलं असतं.

आम्ही तिघं जमलो. आत्याने आपला तुकडा लिहिला, मी माझा लिहिला, आतोबा खुर्चीवर बसले. पासवर्ड चुकला. पुन्हा तिघांनी लिहिला, पुन्हा चुकला. आतोबांनी आत्याकडे संशयाने पाहिलं, मग माझ्याकडे, मग मशीनकडे. तिसऱ्या खेपेला मी कानांवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलो आणि शेवटी न राहवून मागे वळलो. आतोबांचं बोट आकड्यांवर अधांतरी थांबलं होतं. ज्या माणसाने सगळ्या जगापासून तो तुकडा लपवला, त्याच्यापाशीच तो उरला नव्हता. मला फार वाईट वाटलं आणि मी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

"सरा जरा," आत्या आतोबांना म्हणाली. "मीच काहीतरी चुकीचा दाबला असंल. पुन्हा लिवते." ती बसली. तिने तिचे आकडे लिहिले, माझे लिहिले आणि न थांबता पुढचेही. पान उघडलं. सरांनी नवा नंबर घातला. आतोबा खिडकीतून रस्त्याकडे बघत होते.

बाहेर आल्यावर मी आत्याला हळूच विचारलं. "अरे, ते लिवताना मोठ्यानं आकडं म्हणतात," ती म्हणाली. "मी कुठं कान झाकत होते? तुझंपण बोट बघून ठेवलेलं. त्यांना नको सांगूस."

स्टँडवर आत्या पाण्याच्या नळाकडे गेली तेव्हा आतोबा माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "पुढच्या वेळेला तुम्ही दोघांनीच उरका," ते म्हणाले. "मला आताशा एसटी लागते." एसटी त्यांना कधीच लागली नव्हती. मी बरं म्हणालो.

गाडी आली. आतोबांनी खिशातून पैसे काढून आत्याच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "तिकीट तूच काढ गो. सरळ पेणचा काढ."