बूफरला जागा

धाड ते बुलढाणा जीप चालवणाऱ्या गजेंद्रला स्वतःच्याच गाडीत अर्धी जागा होती. ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्या उजवीकडे, दाराला चिकटून, एक प्रवासी बसायचाच. बाजाराच्या दिवशी तर गजेंद्र तिरपा होऊन गाडी हाकायचा, एक मांडी सीटवर आणि दुसरी हवेत. गाडी भरल्याशिवाय हलायची नाही हा स्टँडचा रिवाज, आणि गाडी भरली असं प्रवाशांना कधी वाटतच नसे. कागदावर गाडी गजेंद्रची, बाकी सगळी गावाची.

म्हणून त्याने ठरवलं, गाडीत एक तरी वस्तू आपल्या हौसेची पाहिजे. ती वस्तू म्हणजे बूफर, गाण्याचा ठोका दणदणीत वाजवणारा मोठा स्पीकर. ढोलकीचा ठोका छातीत घुमला पाहिजे, एवढंच त्या बिचाऱ्याचं मागणं. तो बसस्टँडजवळच्या शाकिरकडे गेला. गाड्यांना टेप आणि स्पीकर बसवणं हा शाकिरचा धंदा. त्याने जीपभोवती एक चक्कर मारली आणि डोकं खाजवलं.

"गजूभाऊ, बूफर तं देतो. पण ठेवू कुठी? हिच्यात तं सुई ठेवाले जागा नाई."

"मधल्या सीटखाली ठेव नं."

ठेवला. पहिल्याच फेरीला मधल्या सीटवर रिटायर झालेले पंजाबराव मास्तर बसले होते. गाणं लागलं, बुडाखाली धडधड सुरू झाली, आणि मास्तरांनी दोन्ही पाय वर घेतले.

"थांबव बे गाडी. गिअरबॉक्स फुटून राह्यला."

गजेंद्रने परोपरीने समजावलं, पण एकदा शंका शिरल्यावर प्रवासी कुणाचं ऐकतो? मागून एसटी आली आणि अर्धी गाडी तिच्यात चढली. मग बूफर मागच्या दाराशी गेला. तिथे कुणाच्या तरी ओल्या मेथीचं गाठोडं वाटभर त्याच्यावर गळत राहिलं, आणि बुलढाणा येईतो बूफर सर्दी झाल्यासारखा बोलायला लागला.

गजेंद्रच्या डोक्यात तिडीक गेली. शाकिरच्या दुकानापुढे गाडी उभी करून तो तिथेच चाकाला टेकून बसला.

"माह्या गाडीत बकरीले जागा हाय, कोंबड्यायले हाय, लोकायच्या पोत्यायले हाय. मलेच काऊन नाई बे?"

शाकिरला त्याची दया आली. त्याने जाड फळ्यांचं नवं खोकं केलं, जीपच्या मागच्या भागात समोरासमोरच्या दोन बाकांच्या मधोमध ठेवलं, मधल्या सीटच्या पाठीला टेकवलं आणि बोल्टने फरशीला पक्कं कसलं. स्पीकरचं तोंड वर, त्यावर लोखंडी जाळी.

"आता ह्याले कोणी हात लावत नाई," तो म्हणाला.

हात कुणी लावलाच नाही. आशाबाई सरळ वर बसली. ही म्हातारी भाजी विकायला दर बाजाराला याच गाडीने यायची. गुडघ्यांमुळे तिला स्टँडवर पोचायला उशीर व्हायचा, आणि मग दोन्ही बाकांच्या मध्ये, लोकांच्या पायांत, खाली बसावं लागायचं. त्या दिवशी तिने खोक्यावर पोत्याची घडी टाकली, पाठ टेकली आणि समाधानाने इकडेतिकडे पाहिलं.

"सीट लय चांगली केली, बापा. माह्यासाठीच केली काय?"

नाही म्हणायला गजेंद्रने तोंड उघडलं. मागच्या दारातून त्याला तिचे लांब केलेले पाय दिसले, आणि त्याने तोंड मिटून घेतलं. राग मात्र मिटेना. एवढ्या हौसेने आणलेला आवाज पोत्याखाली गुदमरत होता. गाडी सुरू केल्यावर त्याने तो वाढवला, म्हणजे म्हातारी आपणहून उठेल. आणखी वाढवला. खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या.

"राहू दे असंच," आशाबाई मागून म्हणाली. "कंबरेले बरं वाटून राह्यलं."

पुढे तर त्या जागेवरून बायांमध्ये तंटे होऊ लागले. गोविंदा नावाचा दुसरा जीपवाला शाकिरकडे गेला आणि त्याने अगदी तश्शीच सीट मागितली, फक्त आतलं मशीन नको म्हणाला. शाकिरने हे हसत हसत सांगितलं, आणि गजेंद्रने त्याच्या दुकानासमोरून जाताना बरेच दिवस मान वळवली नाही.

मग एका दुपारी स्टँडवर गाडी रिकामी उभी होती. नंबर लागायला अवकाश होता. गजेंद्रने गाणं लावलं, खाली उतरला, मागच्या दाराने आत शिरला आणि खोक्यावर बसला. दोन्ही मांड्या टेकवून, पाठ टेकवून. ठोका मणक्यातून वर चढला. म्हातारी खोटं बोलत नव्हती, कंबरेला खरंच बरं वाटत होतं. त्याने डोळे मिटले. गाडी घेतल्यापासून तिच्यात तो आज पहिल्यांदा पुरा बसला होता.

"बुलढाणा काय, भाऊ?"

मागच्या दारात पिशवी घेतलेली एक बाई उभी होती. दोन्ही बाक रिकामे होते, पुढच्या सीटाही रिकाम्या होत्या.

"हाव, बसा," गजेंद्र म्हणाला, आणि डोळे न उघडताच खोक्यावर अर्धा सरकला.