स्नेअरला दिलेला शेक

आठवीत शाळा सुटली, म्हणजे मीच सोडली. तेव्हापासून मला वाजवण्याखेरीज दुसरं काही येत नाही. हलगी वडिलांनी शिकवली. पुढे लग्नांत वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात ड्रमवर बसलो, आणि तो ऑर्केस्ट्रा ग्वाल्हेरला येऊन मोडला. बाकीचे आपापल्या गावी गेले. मी कोणत्या तोंडाने जाणार? घरी सांगून आलो होतो, काम कायमचं आहे.

शिंदे की छावनीतल्या एका मराठी घराने मला जिन्याखालची खोली दिली. उपकार म्हणजे काय ते मला तिथे कळलं. त्या घरातला मुलगा, त्याला मी दादा म्हणायचो, रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचा. त्यांचा ड्रमर नोकरीसाठी बंगळुरूला गेला होता आणि सेट मागे ठेवून गेला होता.

"रविवारी चार वाजता गोरखीजवळ प्रोग्राम आहे," दादा म्हणाला. "ठीक से वाजवलंस तर हा सेट तुझा. नाहीतर दिल्लीवाला एक जण तयार बसलाय."

"आधी जेवू दे रे त्याला," दादाची आई, आमच्या काकू, आतून ओरडल्या.

रविवारी सकाळी मी एकटाच गच्चीवरच्या खोलीत वाजवून पाहत होतो. तीन दिवस ऊन नव्हतं. स्नेअर, म्हणजे दोन गुडघ्यांच्या मधला तो कडक आवाजाचा ड्रम, नुसता बदबदत होता. आवळायची किल्ली दादाच्या खिशात, आणि दादा बाहेर गेलेला. या आवाजावर मला कोण ठेवणार?

आमच्याकडे हलगी सैल पडली की जाळ करून शेकतात. हातांनी तेच केलं, डोक्याने विचारच केला नाही. खाली काकूंची अंगीठी, म्हणजे कोळशाची शेगडी, पेटलेली होती. स्नेअर तिच्यावर आडवा धरला आणि कातडं तडतडायची वाट पाहत राहिलो. पण ते कातडं नव्हतंच. प्लास्टिकचं पान मधोमध फुगलं, सुरकुतलं, आणि जळका वास सुटला.

मी पाटणकर बाजारात धावत गेलो. वाद्यांच्या दुकानात ढोलक, तबले, पेट्या सगळं होतं. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ये इधर नहीं मिलेगा भैया. दिल्ली से मँगाना पड़ेगा."

दिल्ली. पुन्हा दिल्लीच.

परत आलो तेव्हा गच्चीवरच्या खोलीत दादा स्नेअर हातात घेऊन उभा होता.

"हे काय आहे?"

"शेकला."

"शेकला? पापड आहे का हा?"

मला हसू आलं नाही, रडू आलं. हलगीचं सगळं सांगून टाकलं. काकू दारात होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "खोटं तर नाही ना बोलला." दादा खाटेवर बसला. दोन वाजले होते.

मी खोलीभर नुसता पाहत होतो. उजवीकडचा मोठा टॉम, म्हणजे सेटमधला घुमणारा खोल ड्रम, तीन पायांवर उभा होता. त्याच्या तोंडावर वीत ठेवली, मग स्नेअरवर ठेवली. घेर सारखाच.

"दादा, याला खालूनही पान आहे. ते काढून इकडे लावलं तर?"

"पतला आहे ते. फाटेल."

"हळू वाजवीन."

"रॉकमध्ये हळू?" तो हसला, पण किल्ली काढली. एकेक बोल्ट थोडा थोडा, समोरासमोर फिरवत, त्याने ते पान ताणलं.

गोरखीजवळच्या त्या हॉलमध्ये लोकांनी काय ऐकलं मला माहीत नाही. प्रत्येक ठोक्याला मला फक्त पान फाटल्याचा आवाज ऐकू यायचा. आवाज जाड होता, परका होता. तिसऱ्या गाण्यात काठीचा घाव बसला तिथे पांढरा चट्टा उमटला. मी कडेला वाजवू लागलो, हलगीच्या काठावर वाजवतात तसं. दादाने एकदा वळून पाहिलं. थांबला नाही.

शेवटपर्यंत पान टिकलं.

सामान आवरताना मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो. त्याने खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"ठेव जवळ. पुढच्या वेळी आवळ. आणि आईच्या अंगीठीपासून लांब बस."